पुढचा दात आणि वीस वर्षांनंतरचे हसू

मोटरसायकलवरून पडून वरचा मधला दात गमावलेली पंचविशीतली मुलगी डेंटिस्टकडे येते, तेव्हा बहुतेक वेळा सोबत आई किंवा वडील असतात आणि प्रश्नही ठरलेले असतात. फिक्स दात किती दिवसांत बसेल? ओळखू येईल का? खर्च किती? साखरपुडा जवळ आला असेल तर पहिल्या प्रश्नाची घाई आणखी वाढते. चाळिशीत, पंचेचाळिशीत हा दात कसा दिसेल, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. न विचारता ते सांगणारे डॉक्टरही थोडेच. पुढच्या दातांच्या इम्प्लांटवर, म्हणजे हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर उभ्या केलेल्या दातावर, गेल्या तीसेक वर्षांत झालेल्या संशोधनातला सर्वांत उपयोगी भाग नेमका याच न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे, आणि तो दवाखान्यातल्या खुर्चीपर्यंत फारसा पोचलेला नाही.

मुळात इम्प्लांट दिसण्यासाठी जन्माला आला नाही. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, की टायटॅनियम हाडाशी इतके घट्ट जुळते की ते सुटता सुटत नाही. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. सुरुवातीच्या रुग्णांच्या तोंडाचे बोळके झालेले होते. त्यांची खालची कवळी हलायची, खाता यायचे नाही, आणि त्यांना हवा होता घट्ट बसणारा दात. साहजिकच १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाचे जे निकष घालून दिले ते मजबुतीचे होते : इम्प्लांट हलू नये, दुखू नये, एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी रेघ दिसू नये, पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. दात कसा दिसतो याचा त्यात उल्लेख नव्हता. स्मिथ आणि झार्ब यांनी १९८९ मध्ये तो घातला : वर बसणाऱ्या दाताचे दिसणे रुग्णाला आणि डॉक्टरांना, दोघांनाही समाधानकारक असावे. या छोट्याशा भरीने एक वाद कायमचा मागे लागला. दोघांचे मत वेगळे पडले तर कुणाचे ऐकायचे?

मजबुतीचा प्रश्न आता जवळपास सुटला आहे. एकेका दाताच्या इम्प्लांटवरील अभ्यासांचा २०१२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात पाच वर्षांनी ९७.२ टक्के आणि दहा वर्षांनी ९५.२ टक्के इम्प्लांट जागेवर होते. वैद्यकातल्या फार थोड्या उपचारांना असा निकाल मिळतो. त्याच आढाव्यात दिसण्याच्या तक्रारींचे प्रमाण पाच वर्षांत ७.१ टक्के होते. हा आकडा लहान वाटतो. पण किती अभ्यासांनी दिसण्याची पद्धतशीर मोजणी केली आणि किती वर्षे केली, हे पाहिले की तो जपून वाचावासा वाटतो.

पुढच्या दाताचे सौंदर्य दातापेक्षा हिरडीत जास्त असते. आरशासमोर ओठ वर करून पाहा : प्रत्येक दाताच्या मुळाशी हिरडीची कमान आहे, आणि दोन कमानींच्या मध्ये गुलाबी टोक खाली उतरून फट भरून काढते. हे टोक हाडाच्या आधारावर उभे असते. डेनिस टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैसर्गिक दातांमध्ये मोजून दाखवले, की दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून हाडापर्यंतचे अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल तर टोक जवळजवळ नेहमी फट भरते. सहा मिलिमीटर झाले की निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, आणि सात झाले की चौथ्या हिश्शाच्या आसपास ठिकाणीच ते भरलेले दिसते. एका मिलिमीटरने हसू बदलते. टोक नसेल तर तिथे काळा त्रिकोण उरतो. शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर त्यांच्या हाडाचा आधार मिळतो, म्हणून एकेरी इम्प्लांट अनेकदा उत्तम दिसतो. लागोपाठ दोन दात गेले असतील तर दोन इम्प्लांटच्या मधले टोक मिळवणे हे या क्षेत्रातले सर्वांत अवघड काम आहे, आणि दोन दात गमावलेल्या रुग्णाला हे आधीच स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

दुसरी अडचण ओठाच्या बाजूच्या हाडाची. वरच्या पुढच्या दातांसमोरची हाडाची भिंत बहुतेक माणसांत एक मिलिमीटरहून पातळ असते. तिचा बराच भाग दातामुळेच जगतो, म्हणून दात काढला की काही आठवड्यांत विरघळतो. दात काढल्याबरोबर त्याच खड्ड्यात इम्प्लांट बसवला तरी ही झीज थांबत नाही, हे आता निर्विवाद आहे. अशा लगेच बसवलेल्या चौदा इम्प्लांटची सात वर्षांनी स्कॅनवर तपासणी झाली, तेव्हा पाचांच्या समोर हाड जवळपास दिसलेच नाही, आणि त्या पाचांची हिरडी इतरांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर वर सरकलेली होती. इम्प्लांट किंचित पुढे, ओठाकडे बसला तर नुकसान आणखी वाढते. एका अभ्यासात पुढे बसलेल्यांची हिरडी सरासरी १.८ मिलिमीटर, तर आत बसलेल्यांची ०.६ मिलिमीटर ओसरली. म्हणजे ज्याला आपण 'नशीब' म्हणतो त्यातला मोठा वाटा हाताच्या कौशल्याचा आणि धीराचा असतो.

हा धीर कसा असतो, हे एका छोट्या कृतीत दिसते. इम्प्लांट हाडात जुळला की चांगला डॉक्टर लगेच पक्की कॅप बसवत नाही, आधी तात्पुरती बसवतो. काही आठवड्यांनी ती काढून तिच्या मानेवर किंचित मसाला चढवतो आणि पुन्हा घट्ट करतो. दाबाने हिरडी पांढरी पडते. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही आरशात बघत थांबतात, दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी रंग परत आला तर दाब योग्य, नाही आला तर मसाला घासून कमी करायचा. असे दोन-तीन वेळा झाले की हिरडी हळूहळू कमानीचा आकार घेते. रंग जुळवतानाही तेच. दात कोरडे झाले की पांढरे दिसतात, म्हणून शेड तोंड उघडल्याबरोबर, दात ओले असताना आणि खिडकीच्या उजेडात घ्यायची असते, जमल्यास लॅबच्या माणसाला समोर बसवून. हिरडी पातळ असेल तर आतल्या धातूची करडी झाक बाहेर दिसते. ती लपवायला टाळूतून मऊ ऊतीचा तुकडा काढून हिरडी जाड करावी लागते, नाहीतर धातूऐवजी झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा जोड वापरावा लागतो. या प्रत्येक पायरीला पैसे आणि खेपा लागतात. घासाघीस सुरू झाली की सर्वांत आधी याच पायऱ्या गळतात, कारण त्या गळाल्या तरी पहिल्या वर्षीच्या फोटोत फारसे काही कळत नाही.

इथवरचे धोके कौशल्याने कमी करता येतात. पुढचा धोका कौशल्याच्या पलीकडचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण चर्चेत तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. अठराव्या वर्षी चेहऱ्याची वाढ थांबते, असे आपण समजतो. ती थांबत नाही, फक्त मंदावते. नैसर्गिक दात हाडात लवचिक तंतूंनी टांगलेला असतो आणि जबड्याबरोबर आयुष्यभर अगदी सावकाश खाली, पुढे सरकत राहतो. इम्प्लांट रोवलेल्या खांबासारखा जिथे बसवला तिथेच राहतो. शेजारचे दात पुढे जातात, हा मागे राहतो, आणि वर्षे जातात तसा आखूड दिसू लागतो. मुलांमध्ये हे होते हे आधीपासून ठाऊक होते, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचे असा नियमच आहे. धक्का बसला तो प्रौढांच्या मोजणीने. जिनिव्हातील एका गटाने २००४ मध्ये किशोरवयाच्या अखेरीस इम्प्लांट झालेले आणि चाळीस ते पंचावन्न वयात झालेले, अशा दोन गटांची तुलना केली. दोन्ही गटांत इम्प्लांट आणि शेजारचा दात यांच्यात पायरी पडलेली होती, आणि दोन्हींत सर्वांत मोठी पायरी दीड मिलिमीटरच्या वर होती. पंचविशीत बसवलेला दात चाळिशीपर्यंत कुणाचा किती मागे पडेल, हे आधी सांगण्याची खात्रीची रीत आज नाही. काहींचा अजिबात पडत नाही, काहींचा ओठ हलताच दिसतो.

याला रंगाचीही जोड मिळते. नैसर्गिक दात वयाबरोबर पिवळसर होतात आणि त्यांच्या कडा झिजतात. पोर्सेलिन तसेच राहते. पंचविशीत हुबेहूब जुळलेली कॅप पंचेचाळिशीत शेजाऱ्यांपेक्षा पांढरी आणि कोवळी दिसते. हा भाग दुरुस्त होतो, कारण कॅप बदलता येते. आखूड पडलेला दात लांब कॅप घालून लांब करता येतो, पण हिरडीची रेघ वरच अडकलेली राहते. मोठे हसणाऱ्याला ती झाकता येत नाही.

आता तराजूचे दुसरे पारडे, आणि ते हलके मुळीच नाही. रुग्णांना विचारले की बहुतेक जण समाधानी असतात, अनेकदा अतिशय समाधानी. स्वीडनमध्ये १९९९ मध्ये एकेरी इम्प्लांटची रुग्ण आणि तज्ज्ञ अशी दुहेरी पाहणी झाली, तीत रुग्णांनी दातांना तज्ज्ञांपेक्षा बरेच जास्त गुण दिले. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हिरडीला गुण देण्याची चौदा गुणांची पद्धत आणली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच चाचणीत एक गोष्ट उघडी पडली : तेच फोटो पाहून दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट बाकीच्यांपेक्षा कमी गुण देत होते. तज्ज्ञांचेच एकमत नसेल तर त्यांची पट्टी अंतिम कशी मानायची? सोळा ते बावीस वर्षे झालेल्या इम्प्लांटच्या पाहणीतही तज्ज्ञांचे गुण आणि रुग्णांचे समाधान यांचा मेळ फारसा बसला नाही.

रुग्णाच्या बाजूने बोलायचे तर हे अगदी योग्य आहे. तोंड त्याचे, आरसा त्याचा. गालांना चिमटे लावून, फ्लॅश टाकून, पडद्यावर दहापट मोठा करून पाहिलेला दात कुणी रोजच्या आयुष्यात पाहत नाही. १९८४ची एक जुनी मोजणी अजूनही उद्धृत होते : हसताना वरच्या दातांच्या पूर्ण उंचीसह हिरडीचा पट्टा दाखवणारे लोक सुमारे दहात एक, आणि दाताचा बराच भाग ओठाआड ठेवणारे पाचात एक. ज्याची हिरडी हसताना दिसतच नाही, त्याच्या बाबतीत एका मिलिमीटरसाठी दुसरी शस्त्रक्रिया सुचवणे हा डॉक्टरांच्या समाधानाचा उपचार ठरेल. काळ नेहमी बिघडवतोच असेही नाही. टॉर्स्टन येम्ट यांनी १९९७ मध्ये दाखवले, की कॅप बसवल्यानंतर पहिल्या एक-दोन वर्षांत दातांमधली हिरडीची टोके आपोआप वाढून फटी बऱ्याच भरतात. पहिल्या महिन्यात दिसलेला काळा त्रिकोण पाहून हादरलेल्या रुग्णाला हे सांगायला हवे.

तरीही समाधानाच्या आकड्यांवर सगळा भार टाकायला मी तयार नाही. पहिले कारण म्हणजे प्रश्न कधी विचारला जातो. दात नसलेल्या जागेची आठवण ताजी असते, कॅप नवी असते, आणि विचारणारा बहुधा तोच डॉक्टर किंवा त्याच दवाखान्यातला माणूस असतो. आपल्याकडे डॉक्टरांच्या तोंडावर 'मला आवडले नाही' म्हणणे अनेकांना, विशेषतः वयस्क बायकांना, उद्धटपणाचे वाटते. दुसरे म्हणजे नाराज माणूस परत येत नाही, दुसरीकडे जातो. दहा वर्षांनी बोलावल्यावर जे येतात त्यांच्यात खूश असलेले अधिक असणार. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सरासरी समाधान ९० टक्के असले तरी उरलेले १० टक्के कोण, हे सरासरी सांगत नाही. हसताना हिरडी दिसणारी, पातळ हिरडीची, विशीतली व्यक्ती त्या दहांत येण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे, आणि ती शक्यता पहिल्याच दिवशी ओळखता येते. ओठाची रेघ बघायला कुठलेही यंत्र लागत नाही. माणसाला मनापासून हसवावे लागते, एवढेच.

म्हणून निर्णय वयाने आणि ओठाने व्हावा, असे माझे मत आहे. पन्नाशीच्या, ओठ खाली असलेल्या, शेजारचे दात धड असलेल्या माणसाने इम्प्लांटला बिनधास्त हो म्हणावे. पंचविशीतल्या, मोठे हसणाऱ्या मुलीने मात्र आधी दुसऱ्या पर्यायाचा विचार करावा. जुना ब्रिज मी सुचवणार नाही. एका दातासाठी दोन धडधाकट दात तासून टाकणे या वयात महाग पडते. पण एका पंखाचा चिकटवलेला ब्रिज आता प्रयोगशाळेतली वस्तू राहिलेली नाही. झिर्कोनियाचा दात, त्याला एकच पातळ पंख, तो शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला चिकटवलेला. जर्मनीत कील विद्यापीठाच्या मथियास कर्न यांच्या गटाने अशा ब्रिजचे दहा वर्षांचे निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात ९८ टक्क्यांहून अधिक टिकून होते. तो शेजारच्या दाताबरोबर सरकतो, त्यामुळे पायरी पडत नाही. दात फारसे तासावे लागत नाहीत. आणि पस्तिशीत इम्प्लांटचा रस्ता खुला राहतो.

त्याच्याही अडचणी आहेत. वरचे दात खालच्या दातांवर खोल चढत असतील तर पंखाला जागा मिळत नाही. शेजारचा दात फार छोटा किंवा भरलेला असेल तर चिकटायला पृष्ठभाग कमी पडतो. सुटला तर पुन्हा चिकटवता येतो, पण सुटण्याची भीती मनात राहते, आणि कार्यालयात जेवताना दात हातात येईल या कल्पनेने लोक नको म्हणतात. शिवाय दात काढल्यावर झिजलेल्या हाडाची खळगी ब्रिजच्या खालीही राहते, तिथे हिरडी भरून घ्यावी लागू शकते. आईवडिलांना 'चिकटवलेला' म्हणजे कामचलाऊ वाटते, 'स्क्रूवाला' म्हणजे कायमचा. ही समजूत दूर करायला डॉक्टरांनी वेळ द्यायला हवा. मात्र ज्या व्यवस्थेत इम्प्लांटला ब्रिजपेक्षा कितीतरी जास्त फी मिळते, तिथे हा वेळ सहज निघत नाही, हेही मान्य करावे लागेल.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी, ती म्हणजे मिशरी. तंबाखू भाजून केलेली ही पूड ग्रामीण भागातल्या अनेक स्त्रिया दिवसातून दोन-तीन वेळा हिरडीवर घासतात, आणि 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. इम्प्लांटचे सौंदर्य ज्या दोन-तीन मिलिमीटर हिरडीवर उभे आहे, नेमकी तीच ही पूड रगडते. 'मिशरी लावता का?' असे नाव घेऊन विचारले तरच खरे उत्तर मिळेल.

'आयुष्यभराची गॅरंटी' हे शब्द जाहिरातींमध्ये सर्रास दिसतात. ही गॅरंटी जवळपास नेहमी आतल्या टायटॅनियमच्या स्क्रूची असते. हिरडीची, रंगाची, पायरीची नसते. आरोग्यविमा बहुतेक वेळा दातांचा खर्च उचलत नाही, त्यामुळे पंधरा वर्षांनी नव्या कॅपचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. तो अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी लिहायला काय हरकत आहे? इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतो, त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी असे सगळे छापलेले असते. तो रुग्णाच्या कार्डावर चिकटवून द्यावा. आज बाजारात इतक्या कंपन्या आहेत की वीस वर्षांनी सुटे भाग मिळवायला हे कार्ड नसेल तर नव्या डॉक्टरला एक्स-रेवरून अंदाज बांधत बसावे लागते. संमतीचा कागदही मराठीत असावा, आणि त्यात शस्त्रक्रियेच्या धोक्यांबरोबर एक वाक्य असावे : काही वर्षांनी हा दात शेजारच्यांपेक्षा आखूड किंवा वेगळ्या रंगाचा दिसू शकतो. हे वाक्य वाचून काही रुग्ण विचार बदलतील, बरेचसे बदलणार नाहीत. न बदलणाऱ्यांचे पुढचे समाधानही अधिक खरे असेल, कारण ते माहितीवर उभे असेल.

हे सगळे परदेशी आकड्यांवर बोलावे लागते, ही मात्र लाजिरवाणी गोष्ट आहे. एमडीएस या दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, प्रबंध त्या तीन वर्षांत पूर्ण करायचा, म्हणून आपल्या महाविद्यालयांतला पाठपुरावा एक-दोन वर्षांपलीकडे सहसा जात नाही. विद्यार्थी बाहेर पडतो आणि फाइल कपाटात राहते. पण मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत पूर्वी उपचार घेतलेले लोक याच राज्यात, बहुतेक त्याच जिल्ह्यांत राहतात. एका तुकडीने सुरू केलेली नोंद पुढच्या तुकडीच्या प्रबंधाचा विषय होऊ शकते. त्यासाठी विद्यापीठाने एवढीच परवानगी द्यायची, की नवा इम्प्लांट न बसवता जुने पाहणे हाही प्रबंध मानला जाईल. दर पाच वर्षांनी तेच फोटो, त्याच कोनातून, मनापासून हसताना घ्यायचे. समाधानाचा प्रश्न मात्र उपचार करणाऱ्या विभागाने विचारायचा नाही, दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी, डॉक्टर नसलेल्या खोलीत विचारायचा.